हाडातला वाफा

आत्याच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा मी पुण्यात एम.एस्सी. करत होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, डिंगोऱ्यात दिलेली. नव्वदच्या दशकात तिला साखर निघाली होती. तेव्हा तिने चहातली साखर तेवढी सोडली आणि बाकीचं सगळं होतं तसंच चालू ठेवलं. आता डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासला आणि स्पष्ट सांगितलं की, साखरेने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, लेसर करून घ्या, उशीर केलात तर नजर जाईल.

आत्या म्हणाली, न्हाई करायचं. भावकीतल्या एका म्हातारीने लेसर करून घेतला होता आणि तरीही तिचे डोळे गेले होते. म्हातारी डॉक्टरकडे गेली तीच मुळात उशिरा, हे कुणी लक्षात घ्यायला तयार नव्हतं. मंचरहून माझे वडील समजावायला गेले, तेही हात हलवत परत आले.

अशात एका दुपारी आमच्या विभागात एका पाहुण्या संशोधकांचं व्याख्यान झालं. जेवून आलेली पोरं पेंगत होती, मी मात्र टक्क जागी. ते सांगत होते की मधुमेहाने होणारा डोळ्याचा आजार हा नुसता डोळ्याचा आजार नाही. हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, स्टेम सेल असतात. त्यांच्यापासून तयार झालेल्या काही पेशी रक्तातून फिरतात आणि जिथे रक्तवाहिनीचं अस्तर खराब झालं असेल तिथे डागडुजीला हातभार लावतात. मधुमेहात ती मज्जाच आजारी पडते. दुरुस्तीच्या पेशी कमी सुटतात, आणि सुटतात त्यांच्यातही दम नसतो. मग पडद्याची झीज भरून निघत नाही. यावर औषध अजून हातात नाही, काम सगळं उंदरांवर चाललंय, हेही ते म्हणाले. पण माझं तिकडे कुठलं लक्ष? माझ्या अंगावर काटा आला होता. आत्याचा डोळा आणि आत्याचं हाड यांचा असा संबंध आहे, हे मला कधी एकदा तिला सांगते असं झालं होतं.

सुट्टी लागल्याबरोबर एस.टी. पकडली, नारायणगावला उतरले आणि जीपमध्ये स्वतःला कोंबून डिंगोऱ्यात पोचले. आत्या टोमॅटोच्या प्लॉटात नांग्या भरत होती. लागवडीत जी रोपं मरतात त्यांच्या जागी वाफ्यात राखून ठेवलेली नवी रोपं लावायची, ते काम. चप्पल बांधावर काढून मी तशीच सरीत घुसले आणि एका दमात सगळं व्याख्यान ओकून टाकलं.

तिने ऐकून घेतलं, कंबर सरळ केली. "म्हंजी हाडात वाफा हाय म्हण की. थितनं रोपं येत्यात आन् डोळ्यातल्या नांग्या भरत्यात. आन् माझा वाफाच बसलाय."

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. वर्गातल्या निम्म्या पोरांना जे कळलं नव्हतं ते हिला चिखलात उभ्या उभ्या कळलं होतं. त्या आनंदात मी पुण्याला निघूनही गेले.

पुढच्या खेपेला आत्याने माझ्यापुढे स्टीलचा डबा सरकवला. आत डिंकाचे लाडू, काठोकाठ.

"खा गं. मी रोज सकाळी खाते. वाफ्याला खत नको व्हय? बाळंतिणीची हाडं कशानं भरत्यात मग?"

"आत्या, यात गूळ आहे."

"गूळच हाय. साखर टाकाया मी काय येडी हाय का?"

मला इतका राग आला की डबा उचलून उकिरड्यावर फेकावा असं वाटलं, आणि हसूही येत होतं. गूळ पोटात गेला की त्याची साखरच होते, हे मी तिला घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. ती आधी भांडली. मग बारीक आवाजात म्हणाली, "तरीच. उजव्या डोळ्याम्होरं परवापासनं जाळं धरलंय."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "वाफा कसा सुधारायचा ते अजून कुणालाच माहीत नाही गं. शोधतायत. तोवर उभं पीक राखायचं का नाही? लेसरने पडद्याचा कडेचा उपाशी भाग डागतात. मग तो रक्त मागत नाही, नव्या कच्च्या वाहिन्या फुटत नाहीत, आणि मधली नजर बऱ्याचदा वाचते."

"कडंच्या सऱ्या सोडून द्यायच्या आन् मधला प्लॉट ठिवायचा."

"हां."

"मंग हे आधी सांगायचं सोडून हाडाचं काय घिऊन बसली व्हतीस?" असं म्हणून ती उठली आणि लुगडं बदलायला आत गेली.

डॉक्टरांनी पाहिलं तर उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, तिथे फारसं काही हाती लागलं नाही. डाव्याला लेसर केला, थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा केला, आणि डावा टिकला. डॉक्टर टिकला म्हणाले तेव्हा मी दवाखान्यातच रडले. मला लई आनंद झाला होता, राव.

त्या दिवशी नारायणगावात आम्ही जीपची वाट बघत होतो. काळा चष्मा लावलेली आत्या, आणि शेजारी माझी बडबड अखंड चालू. अजून थोडी वर्षं जाऊ देत, हाडातला वाफाच दुरुस्त करतील, मग कुणाचा डोळा जायचा नाही, वगैरे. तिने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "तुज्या आज्याला साखर व्हती. मला हाय. तुज्या बापालाबी निघाली. तू तुजी कवा तपासलीस?"

मी कधीच तपासली नव्हती. जगभराच्या उंदरांची मला खबर होती, स्वतःच्या रक्ताची नव्हती.

जीप आली. ड्रायव्हर डिंगोरे, डिंगोरे ओरडत होता. आत्याने ती सरळ जाऊ दिली, माझं मनगट घट्ट धरलं आणि मला ओढत समोरच्या लॅबच्या पायऱ्या चढवल्या.

"भाऊ," ती आतल्या माणसाला म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. आधी हिचं रक्त घ्या."