चूल आणि समुद्र एकाच फोटोत

एचडीआरचं वेड लागलं तेव्हा मी आमच्या बोईसरच्या घरातली एकही वस्तू सोडली नाही. कुकर, जिना, दोरीवर वाळणारे माझेच कारखान्याचे कपडे! कॅमेरा सेकंडहँड, रबर निघालेलं, आणि स्टँड म्हणजे तांदळाची अर्धी भरलेली पिशवी. एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे, एक उजळ, एक मध्यम, एक काळोखा, आणि लॅपटॉपवर एकात एक मिसळायचे. मग उन्हातलंही दिसतं आणि सावलीतलंही. जादूच हो! मी रंग असे काही ताणायचो की बायकोनं स्वतःचा फोटो बघून विचारलं, "ही मी आहे की कापलेलं कलिंगड?" मला काय त्याचं, मी आणखी काढले.

अशात समुद्रकाठच्या दांडी गावाहून सासूबाईंचा फोन आला. "जावई, तुमी ते तीन फोटूंचा एक करता ना? मग आजच या. उद्या घर पाडतात."

कौलारू घराच्या जागी स्लॅबचं घर होणार होतं, तोंड रस्त्याकडे, समुद्राच्या बाजूला सलग भिंत. म्हणजे चुलीपाशी बसून दारातून जो समुद्र दिसायचा, तो आता दिसायचा नाही. मेव्हण्यानं मोबाइलवर ढीगभर फोटो काढले होते, पण चूल दिसली की दार पांढरंफट्ट, समुद्र दिसला की चूल गायब. सासूबाईंना दोन्ही हवं होतं, शिवाय स्वतः चुलीपाशी बसलेल्या. अहो, हेच तर! माझ्या एचडीआरची कुणाला तरी खरीखुरी गरज पडली होती. मी स्कूटरवर अख्खा रस्ता गाणं म्हणत गेलो, आणि माझं गाणं माणसाला ऐकवत नाही.

मासळीचे रिकामे क्रेट एकावर एक रचले, वर तांदळाची पिशवी, तिच्यावर कॅमेरा. सासूबाई नवं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून चुलीपाशी बसल्या.

"आता अजिबात हलायचं नाही हं."

"मेलेली मासळी हलंल, मी नाय हलायची!"

माझ्या कॅमेऱ्यात तिन्ही फोटो आपोआप निघत नाहीत, दर वेळी चकती फिरवावी लागते. आधी उजळ फोटो घेतला. सासूबाई श्वास रोखून बसलेल्या, झकास. चकती फिरवतोय तोच बाहेरून इंजिनाचा आवाज आला. सासऱ्यांची बोट! दुसरा फोटो दाबला तेव्हा त्या अर्ध्या उठलेल्या. "अहो, बसा, बसा!" मी ओरडलो. कुठलं काय! तिसरा दाबेपर्यंत त्या दारात, चौकट धरून, टाचा उंचावून. मग वळल्या आणि झपझप येऊन जागेवर बसल्या, जणू उठल्याच नव्हत्या.

थोड्या वेळानं सासरे आत आले. "चाय ठेवलीस का?"

"माजे चार हात हायत का?" सासूबाई मागे न बघताच खेकसल्या.

मी "पुन्हा काढू" म्हणेपर्यंत टोपल्या आल्या, बर्फ आला, माणसं आली, चुलीवर कालवण चढलं. एवढ्यात बाहेरचा उजेडही गेला. सकाळी घर पाडलं.

घरी लॅपटॉपवर फोटो मिसळले आणि कपाळाला हात लावला. चूल लख्ख, समुद्र लख्ख, आणि सासूबाई तीन! एक बसलेली, एक धुरासारखी अर्धवट, एक दारात काळीभोर. हललेलं पुसून टाकायची सोय असते. मी पुसून पाहिलं. एकच सासूबाई उरल्या, हव्या तशा बसलेल्या. पण दार इतकं ओकंबोकं दिसायला लागलं की मला करमेना. मी पुसलेल्या दोघींना परत आणलं आणि तसाच मोठा प्रिंट काढला.

तो घेऊन दांडीला गेलो. सासू-सासरे तेव्हा तिथंच शेजारी, सासऱ्यांच्या चुलतभावाकडे राहत होते. प्रिंट बघून सासूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "या बया! एक परवडंना, जावयानं तीन केल्या!" मीही हसत सुटलो, पोट दुखेस्तोवर.

सासऱ्यांनी फोटो हातात घेतला आणि उजेडाला नेला. बराच वेळ बघत राहिले.

"ही दारात कोन?"

"मीच ती. दुसरी कोन असनार?"

"तू दारात यायचीस?"

सासूबाईंचं हसू थांबलं. "मंग? बोट दिसली की जीव भांड्यात पडतो. दिसली की जायची आत."

सासरे माझ्याकडे वळले. "सारा जन्म मी घरात शिरलो की ही चुलीकडं तोंड करून बसलेली. मला वाटायचा, आलो काय न् नाय आलो काय, हिला काय पडलेली नाय."

सासूबाई लाजून लालेलाल झाल्या. मला कुठे बघावं कळेना. सासऱ्यांनी फोटो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जावई, मिस्त्रीला फोन लावा. म्हनावं, समुद्राकडच्या भिंतीला दार पायजे."