स्वतःची चूक मोठ्याने वाचणारे श्री. साळवी

श्री. शमुवेल साळवी यांची आणि माझी पहिली ओळख कागदावर झाली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. गुहागरला आमच्या घरी चार पानांचे एक पत्रक आले. बायबलमधल्या दानिएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतले आकडे एकमेकांत मिळवून त्यात प्रभूच्या पुन्हा येण्याचे वर्ष काढले होते. ते वर्ष फक्त दोन वर्षांवर होते. खाली नाव होते शमुवेल साळवी, चिपळूण. तेव्हा ते चोवीस-पंचवीस वर्षांचे, एस.टी.त नुकतेच लागलेले होते.

माझी मोठी बहीण मार्था हिला त्याच महिन्यात नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचे पत्र आले होते. कोर्स तीन वर्षांचा होता. ताईने पत्रक दोनदा वाचले आणि आईला म्हणाली, "उरलीत दोन वर्षं. तीन वर्षांचं शिकून काय करू?" ती गेली नाही. ते वर्ष आले आणि गेले. प्रभू आला नाही, कॉलेजने दुसरे पत्र पाठवले नाही. ताईने पुढे गुहागरच्या अंगणवाडीत आयुष्य काढले. प्रवेशाचे ते पत्र अजून तिच्या ट्रंकेत आहे.

हे आधी सांगते, कारण पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात सगळे गोडच असते आणि माझ्याकडून तसे होणार नाही. समितीने लेखकांची नावे काढली तेव्हा श्री. साळवींनीच माझे नाव सुचवले. "एस्तरबाईंकडे वही आहे," असे म्हणाले म्हणे. वही आहे हे खरे आहे. एक नव्हे, सहा आहेत.

पंचवीस वर्षांपूर्वी श्री. साळवी वाहतूक नियंत्रक म्हणून बदलीवर रत्नागिरीला आले आणि आमच्या चर्चच्या मंडळीत दाखल झाले. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची चिटणीस होते. नाव ऐकले आणि आमच्यात भेटल्यावर करतात तो सलाम मी केला नाही. मला त्या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. त्याने ताईसमोर उभे राहून 'माझे चुकले' म्हणावे.

त्याऐवजी वेगळेच घडले. नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या हंगामाच्या सणाआधीच्या रविवारी, उपासना संपताना, ते पुढे जाऊन उभे राहिले. खिशातून तेच पत्रक काढले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचले. मग म्हणाले, "हे मी लिहिलं. हे खोटं ठरलं. ज्याचं बोलणं खरं ठरत नाही तो देवाकडून बोललेला नाही, ही कसोटी शास्त्रानेच दिलेली आहे. त्या कसोटीत मी नापास आहे. स्टँडवर आमचा नियम आहे, गाडी फाटकातून आत वळलेली दिसल्याशिवाय पुकारायची नाही. जो नियम मी एस.टी.साठी पाळला तो प्रभूसाठी मोडला. माझं ऐकून कुणाचं काही राहून गेलं असेल, तर मी दोषी आहे."

बायकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. पुढे उभे राहून, चारशे लोकांसमोर, एकाही माणसाचे नाव न घेता मागितलेली माफी मला फार सोयीची वाटली. मी घरी येऊन वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिले, 'वाचन छान केले. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडे गेले का? तपासणे.'

त्यांनी दर वर्षी, त्याच रविवारी, तेच वाचायला सुरुवात केली. मुले मोठी होत गेली तशी ती पत्रकाची थट्टा करू लागली. स्टँडवरचे सहकारीही सोडत नसत. "काय ओ कंट्रोलर, तुमच्या प्रभूची गाडी कुठवर आली?" असे विचारत. हे म्हणत, "निघालेली आहे. वेळ मला कळवलेली नाही. तुम्ही तिकीट काढून ठेवा."

दर आठवड्याला ते शास्त्रातल्या एखाद्या वचनावर एक पानाचे मनन लिहीत आणि ते उपासनेनंतर वाटले जाई. चिटणीस म्हणून मी ठरवून दिले की प्रत्येक मनन आधी माझ्याकडे यायला हवे. कमिटीतल्या दोघांना हे अपमानकारक वाटले. श्री. साळवी शनिवारी सकाळी कागद घेऊन दारात हजर. मी लाल पेन्सिल घेऊन बसे. एखादा आकडा, एखादे 'लवकरच', एखादे 'चिन्हे दिसत आहेत' सापडते का ते पाही. एकदा 'काळ जवळ आला आहे' असे सापडले. मी खूण केली.

"शास्त्रातलंच आहे, बाई," ते म्हणाले.

"शास्त्रात असेल. तुमच्या हातचं आहे म्हणून खोडते."

 त्यांनी माझीच पेन्सिल मागून घेतली आणि ते वाक्य खोडले.

खोडण्यासारखे फार थोडे निघाले, हे मात्र नोंदवले पाहिजे. भविष्यवादावर, म्हणजे शास्त्रातल्या भाकितांवर, ते लिहीत, पण वेगळ्या टोकाने. दानिएलाने पाहिलेली श्वापदे मोजण्याआधी दानिएल कचेरीत कसा वागत होता ते पाहा, असे त्यांचे म्हणणे. शत्रूंनी त्याचे सगळे कामकाज उलटेपालटे करून तपासले आणि त्यांना एक चूक मिळाली नाही. यिर्मयाने शहर पडणार असे सांगितले आणि त्याच दिवसांत त्या शहराजवळ शेत विकत घेतले. पुढे काय होणार हे ज्याला खरोखर माहीत होते तो माणूस आजचे काम टाकून बसला नाही, हे त्यांनी मला वाटते वीस वेळा तरी लिहिले असेल. धनी परत येईल तेव्हा चाकर आकाशाकडे बघत असावा असे कुठेही सांगितलेले नाही, तो कामावर असावा एवढेच सांगितले आहे. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आणि पुढे लिहिले, 'बोलणे ठीक. वागणे पाहणे.'

वागणेही पाहिले. दर गुरुवारी दुपारी ते सरकारी इस्पितळात जात. आजारी माणसाला गाठून उपदेश करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा एका गुरुवारी मी मागोमाग गेले आणि वॉर्डाच्या दाराशी उभी राहिले. श्री. साळवी सावर्ड्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पायांची नखे कापत होते. तो म्हातारा मुलाबद्दल बोलत होता. "मुंबैस असतो. गणपतीत येतो. आता काय गणपती नाय, आता कसा येल?" हे म्हणत होते, "बरोबर. पाय हलवू नका." देवाचे नाव निघाले ते म्हाताऱ्याच्याच तोंडून, आणि तेही गणपतीचे. बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिले.

"पिशवीत काय आहे?" मी विचारले.

त्यांनी पिशवी उघडून दाखवली. नेलकटर, टॉवेल, दोन केळी. पत्रक नव्हते, मननही नव्हते. "केळं घ्या एक," ते म्हणाले. मी घेतले नाही.

असे असूनही मुख्य नोंद कोरीच राहिली. ताईकडे गेले का? मे महिन्यात आणि नाताळात मी गुहागरला जाई. ताई कधी काही बोलली नाही. मी धरून चालले की गेलेले नाहीत. त्यात एका वर्षाने माझा संशय पक्का केला. त्या वर्षी पावसाळ्यात आमची आई गेली. त्यानंतरच्या त्या रविवारी श्री. साळवी पुढे आलेच नाहीत. पत्रक वाचले गेले नाही. मी चर्चच्या पायरीवर त्यांना अडवले.

"आज विसरलात?"

"नाही, बाई. यंदा परवानगी नाही."

मी सरळ पाळकसाहेबांकडे गेले. ते गोंधळले. "मी कशाला नाही म्हणेन? मला विचारलंच नाही त्यांनी." मी वहीत लिहिले, 'टाळले. वर खोटे कारण सांगितले.' खाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या वर्षी वाचन पुन्हा सुरू झाले, पण त्या दोन रेघा मी विसरले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत तेच संकट नव्या वेषात आले. बाहेरच्या कुणा उपदेशकाचा रंगीत तक्त्यांचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरू लागला. त्यातही वर्ष होते. मंडळीतली सारा हिचे नाव कोल्हापूरला नर्सिंगला लागले होते आणि तिने घरी सांगितले, "जाऊन काय करू? पुरं होणार आहे का?" तिचे वडील घाबरून श्री. साळवींकडे आले. कमिटीची बैठक चालू होती, त्यामुळे मी समोरच होते.

"तुम्ही भविष्यवाद एवढा वाचलाय. तुम्ही तिला सांगा, काका. तुमचं ऐकेल."

श्री. साळवींचा चेहरा उतरला. "माझं ऐकून एक मुलगी थांबली. आता माझं ऐकून दुसरी जाणार, म्हणजे पुन्हा माझंच ऐकणं झालं. मी नको. आपण मार्थाबाईंकडे जाऊ."

माझ्या हातातले पेन थांबले. ताईचे नाव मी या माणसासमोर कधी घेतले नव्हते. "कोणत्या मार्थाबाई?"

"गुहागरच्या," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तुम्हीही चला."

मी गेले. साराच्या सोबतीला म्हणून गेले असे घरी सांगितले, पण खरे म्हणजे पहारा द्यायला गेले. जयगडला फेरीबोटीवर चढताना मी ठरवले होते की आज या माणसाची फजिती पाहायची. ताई त्याला ओसरीवर उभे करील. कदाचित आत घेणारही नाही.

ताई नारळाच्या झावळ्या ओढत होती. तिने मान वर केली. "आलात? यंदा लवकर?"

'यंदा' हा शब्द मला तिथेच लागला. मग ती आत गेली आणि तिथूनच ओरडली, "बिनसाखरेचाच ना अजून?"

मी स्वयंपाकघरात गेले. "ताई, हे काय? ओळखतेस तू यांना?"

"न ओळखायला काय झालं? तेवीस वर्षं येतोय माणूस."

मग जे कळले ते असे. रत्नागिरीला बदली झाल्याच्या पहिल्याच महिन्यात श्री. साळवी गुहागरला आले होते. पत्रकावरून इथल्या एका मुलीने नर्सिंग सोडले, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. ओसरीवर उभे राहून त्यांनी माफी मागितली. ताई म्हणाली होती, "इथं माझ्या ओसरीवर पुटपुटून काय उपयोग? छापलंत ते सगळ्यांसाठी. चुकलं हेही सगळ्यांना सांगा. एकदा नाही, दर वर्षी. आणि माझं नाव घ्यायचं नाही, मला कुणाची कीव नको. वाचायच्या आधी मला येऊन विचारायचं. मी हो म्हणेन तेव्हा वाचायचं."

पत्रक वाचण्याची ती रीत त्यांची नव्हतीच, ताईने घातलेली होती. आई गेली त्या वर्षी ते विचारायला आले तेव्हा ताई म्हणाली होती, "यंदा नको. यंदा मला तो कागद आठवायचा नाही." यंदा परवानगी नाही, हे अक्षरशः खरे होते. ते मला तेव्हाच सांगून मोकळे होऊ शकले असते. माझ्या संशयाखाली ते इतकी वर्षे गप्प राहिले, कारण नाव घ्यायचे नाही हा शब्द दिलेला होता.

"आईला ठाऊक होतं?" मी विचारले.

"चहा तीच करायची."

"आणि मला नाही सांगितलंत कुणी!"

"तू विचारलंस कधी, गो? तू तपास करतेस. विचारत नाहीस."

बाहेर सारा खाली मान घालून बसली होती. ताईने तिच्यासमोर ट्रंकेतले ते जुने पत्र ठेवले. "वाच. मी खोटं सांगत नाही, पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी कपडे वाळत घालताना सारखं वर बघायची. तिसऱ्या वर्षी वर बघायचं सोडलं, तेव्हा माझ्या वर्गातली मैत्रीण नर्स होऊन बसली होती. प्रभू येईल तेव्हा येईल. मी कुठं आहे हे त्याला कुणी कळवायला नको. वॉर्डात असते तर वॉर्डात भेटला असता."

"आणि तुम्ही यांना माफ केलंत?" साराने विचारले.

ताईने श्री. साळवींकडे पाहिले. ते बशीत बघत होते. "अर्धं केलंय," ताई म्हणाली. "उरलेलं दर वर्षी थोडं थोडं करते. एकदम केलं तर यायचे बंद होतील."

श्री. साळवी हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतके मोकळे हसताना पाहिले नव्हते. परतताना बोटीवर त्यांनी पिशवीतून केळे काढले. या वेळी मी घेतले.

सारा कोल्हापूरला गेली. आता दुसऱ्या वर्षात आहे. परवा सुट्टीत आली तेव्हा तिने माझे ब्लडप्रेशर घेतले आणि जास्त आहे म्हणून मलाच दटावले. ताईनेही यंदा एक मोकळीक दिली, या लेखात तिचे नाव लिहायला. त्या दिवशी गुहागरहून घरी आल्यावर मी वहीतल्या त्या दोन रेघा शोधल्या होत्या. खोडल्या नाहीत. शेजारी लिहिले, 'माझी चूक.' श्री. साळवींना जे दर वर्षी जमते ते मला एकदा लिहायला बराच वेळ लागला.

माझा स्वभाव बदललेला नाही. शनिवारी मनन माझ्याकडे येते आणि लाल पेन्सिल अजून चालते. श्री. साळवींना याचे वाईट वाटत नाही. मी खूण केली नाही तर तेच विचारतात, "नीट वाचलंत ना, बाई?"

या ग्रंथासाठी मी ताईला फोन केला. तुझ्या वतीने काय लिहू, असे विचारले.

"दीर्घायुष्य लिही. आरोग्य लिही. घसा चांगला राहो हे मुद्दाम लिही."

"घसा कशाला?"

"वाचायला. मी मुदत घातलेली नाही. पंचाहत्तर झाली म्हणून सुटलो असं त्यांना वाटायला नको. अजून पंचवीस वर्षं वाचायला लाव."

तर आम्हा दोघी बहिणींची प्रार्थना ही आहे. श्री. शमुवेल साळवी यांना देव पुष्कळ वर्षे देवो. फेरीबोटीची पायरी चढण्याएवढे बळ त्यांच्या गुडघ्यांत राहो, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचो, आणि धनी येईल त्या घडीला ते कामावर सापडोत. हंगामाच्या सणाआधीचा रविवार जवळ आला आहे. यंदाची परवानगी ताईने दिलेली आहे. मी स्वतः विचारले.