ड्रेस्डेनच्या बाल्कनीतला झेंडा

श्रीरंग केतकर तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. ड्रेस्डेनच्या एका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तो बरीच वर्षं इमानेइतबारे नोकरी करत होता, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकत होता आणि रविवारी ड्रिल मशीनला हातही लावत नव्हता. शेजाऱ्यांच्या तक्रारीला त्याने जागाच ठेवली नव्हती. मग २०१५ च्या उन्हाळ्यात त्याने जर्मन नागरिकत्व घेतलं आणि सगळं बिनसलं.

जर्मन व्हायचं म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करायचा. सांगलीला त्याच्या वडिलांना, आबांना, हे कळलं तेव्हा त्यांनी बोलणंच टाकलं. आबा निवृत्त मुख्याध्यापक. झेंडावंदनाला दोरी अडकली तर त्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. सप्टेंबरात कुठे त्यांचा राग निवळला. "घेतलाच आहेस तो देश, तर मनापासून घे," ते म्हणाले. "त्यांच्या राष्ट्रीय दिवशी घरावर झेंडा लाव आणि मला दाखव."

श्रीरंगला भरून आलं. त्याने लगेच काळा-लाल-सोनेरी झेंडा मागवला, त्याला इस्त्री केली आणि तीन ऑक्टोबरला, जर्मनी पुन्हा एक झाली त्याच्या वर्धापनदिनी, सकाळी अंघोळ करून, चपला काढून, तो बाल्कनीत लावला. आदल्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक जिंकल्यावर अख्ख्या गल्लीत असेच झेंडे होते. ते दोन दिवसांत गायब कसे झाले, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. आबांना व्हिडिओ कॉल लावून द्यायला बहीण ज्ञानदा मंगळवारी पुण्याहून सांगलीला येणार होती. तोवर झेंडा ठेवायचा होता. शिस्तीप्रमाणे सूर्यास्ताला तो उतरवायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा.

रविवारपर्यंत शेजाऱ्यांचं जिन्यातलं 'मॉर्गन', म्हणजे सकाळचा नमस्कार, बंद झालं. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याने त्याच्या मुलीला, शमिकाला, गाठून विचारलं, तुझे बाबा सोमवारी जातात का? दर सोमवारी संध्याकाळी शहरात परक्यांविरुद्ध मोर्चे निघत आणि त्यांत हेच झेंडे नाचत. शमिका घरी येऊन बापावर उखडली. "बाबा, दास इस्ट पाइनलिश," म्हणाली. लाज वाटते मला.

दुपारी शेजारच्या ऐंशी वर्षांच्या फ्राऊ हेम्पेल प्लमचा केक घेऊन आल्या. शमिकाला लहानपणी त्यांनीच सांभाळलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द घरात कोणी मोडत नसे. त्या बराच वेळ बोलत राहिल्या. लहानपणी त्यांच्या खिडकीत हिटलरचा लाल झेंडा होता. युद्ध हरल्यावर आईने मधलं चिन्ह उसवून उरलेल्या कापडाचा त्यांना झगा शिवला, कारण घरात दुसरं कापडच नव्हतं. तो झगा घालून त्या शाळेत गेल्या, तर वर्गातल्या निम्म्या मुली तशाच लाल. पुढे पूर्व जर्मनीचा झेंडा आला. तोही हलवला, तोही गेला.

"हेर केतकर, दोन्ही वेळा मी मनापासून हात हलवला होता," त्या म्हणाल्या. "आता कुठलाही झेंडा दिसला की मला स्वतःचीच भीती वाटते. काढा तो."

श्रीरंग वरवर मान डोलावत राहिला, पण आतून तो धुमसत होता. युद्ध यांचं, हार यांची, आणि सत्तर वर्षांनी अवघडून राहायचं ते सांगलीच्या केतकरांनी? त्याने झेंडा काढला नाही. आबांपेक्षा हेम्पेलबाई मोठ्या नव्हत्या.

सोमवारी संध्याकाळी मोर्चाला निघालेला एक घोळका खालून जात होता. वरचा झेंडा बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात सूर्य कलला म्हणून श्रीरंग झेंडा उतरवायला बाहेर आला. त्याचा चेहरा दिसला आणि टाळ्या थांबल्या. एक माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "तो आमचा आहे. खाली घे."

श्रीरंग झेंडा उतरवायलाच आला होता, पण आता उतरवला तर त्यांचं ऐकल्यासारखं होणार आणि ठेवला तर त्यांच्यातलाच दिसणार. झेंड्याला हात न लावता तो तसाच उभा राहिला. घोळका पुढे गेल्यावर त्याने झेंडा काढून कपाटात, चादरींच्या खाली कोंबला. सकाळी तो चढवला नाही. खालच्या जोडप्याने जिन्यात हसून 'मॉर्गन' घातलं, तेव्हा तर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवारी आबा इस्त्रीचा सदरा घालून, ताठ बसून फोनसमोर तयार होते. त्यांनी झेंडा दाखवायला सांगितलं. पाऊस आहे असं सांगायचं श्रीरंगने ठरवलं होतं, पण आबांचा तो सदरा बघून त्याला खोटं बोलवेना.

"आबा, इथली भली माणसं झेंडा लावत नाहीत," तो म्हणाला. "आणि लावतात त्यांना मी नकोय."

"मग तू घेतलास तो देश कोणाचा रे?" आबांनी विचारलं.

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ते खरोखर विचारत होते. शेवटी त्यांनीच ज्ञानदाला फोन बंद करायला सांगितलं.