कोरड्या नदीतला तंबू

माझी बायको सुमन गेली आणि माझं देवाशी बोलणं थांबलं. तीस वर्षं मी दर गुरुवारी सोलापूरहून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जात होतो. वर्कशॉपात मेकॅनिकची नोकरी, ड्यूट्या वेड्यावाकड्या, तरी गुरुवार चुकवला नाही. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून एकच मागितलं, आणि ते मिळालं नाही. मी भांडलो नाही, रडलोही नाही. फक्त गुरुवार येत राहिले आणि मी घरात बसून राहिलो.

आठ महिन्यांनी मुलगी वैशाली मला मस्कतला घेऊन गेली. जावई नीलेशराव तिथं इंजिनिअर आहेत. थंडीचे दिवस होते. सुट्टीत तिथली माणसं शहराबाहेर तंबू ठोकून राहतात. आम्हीही निघालो, आम्ही तिघं आणि सात वर्षांची नात. शहर मागे पडल्यावर तासाभरात उघडेबोडके डोंगर लागले. त्यांच्यामधून एक रुंद, कोरडी नदी गेली होती. तिला तिथं वादी म्हणतात. तिच्या पात्रात बारीक खडी होती, कडेला सावली होती. नीलेशरावांनी हौसेनं तिथंच तंबू ठोकला आणि गाडी शेजारी लावली. नात गोटे वेचत बसली. मला काहीच वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

चारच्या सुमाराला बकऱ्या घेऊन एक म्हातारा पात्रातून आला. पांढरा पायघोळ झगा, हातात काठी. आमचा तंबू बघून थांबला. तिकडच्या जुन्या माणसांना थोडीफार हिंदी येते.

"बाबा, इधर नहीं सोना," तो मला म्हणाला. "ऊपर जाओ."

नीलेशरावांनी अदबीनं मोबाईल दाखवला. "चाचा, बारिश नहीं है. मस्कत साफ है."

म्हातारा मोबाईलकडे बघेना. त्यानं काठीनं एक काटेरी झाड दाखवलं. माझ्या डोक्याच्याही वर, फांद्यांमध्ये वाळलेलं गवत आणि चिंध्या अडकल्या होत्या. "पानी इधर का नहीं. पानी पहाड़ का," एवढं बोलून तो बकऱ्या हाकत पात्रातूनच वरच्या अंगाला निघून गेला.

"सगळ्यांना असंच सांगत असतील, मामा," नीलेशराव हसून म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला वळले.

मी त्या गवताकडे बघत राहिलो. आमच्या गावच्या, केमच्या ओढ्यालाही असंच दुसरीकडचं पाणी यायचं. पण मी पाहुणा, जावयाच्या जिवावर फिरायला आलेला. त्यांच्या हौसेत मोडता कसा घालायचा? शिवाय आयुष्यात काही आपल्या हातात असतं, यावरचा माझा विश्वासच उडाला होता. गप्प बसणं सोपं होतं. आणि तरी मी उठलो, आणि तंबूची पहिली खुंटी उपटली. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

"अण्णा, काय करताय?" वैशाली धावत आली.

"आपल्याला हितं राहायचं न्हाय. वर चला." किती तरी वर्षांनी माझ्या तोंडून गावची भाषा आली.

नीलेशरावांचा चेहरा उतरला, पण त्यांनी माझ्या वयाला मान दिला. त्यांनी गाडी काढून वरच्या कच्च्या रस्त्यावर नेऊन लावली. तंबू, भांडी, अंथरुणं आम्ही हातानं वर चढवली. सतरंजी आणि बर्फाची पेटी तेवढी खाली राहिली. त्या आणायला नीलेशराव निघाले, तोच गार वारा सुटला. त्यात ओल्या मातीचा वास होता. मी त्यांचा दंड धरला. मग वरच्या अंगाकडून अवजड गाड्यांची रांग यावी तसा आवाज आला. वळणावरून तांबडं पाणी, झाडंझुडपं आणि दगड एकदमच आले. आमचा तंबू होता ती जागा बघता बघता दिसेनाशी झाली. डोक्यावरचं आकाश निरभ्र होतं. सूर्य अजून मावळला नव्हता.

वैशालीनं लेकीला पोटाशी धरलं. आणि माझ्या मनात आलं, म्हातारा त्याच पात्रातून वर गेलाय. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी स्वामींना हाक मारली. माझ्यासाठी नाही, त्या नाव माहीत नसलेल्या माणसासाठी. अंधार पडेपर्यंत पुटपुटत राहिलो. रात्र आम्ही गाडीतच काढली.

सकाळी पाणी ओसरत होतं. पलीकडच्या उतारावर पांढरा झगा दिसला आणि त्याच्याभोवती बकऱ्या. मी दोन्ही हात वर केले. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली.

पुढच्या आठवड्यात आम्ही मुद्दाम तिथं गेलो, तेव्हा तो भेटला. सोलापूरची शेंगाचटणी त्यानं आवडीनं खाल्ली. मी विचारलं, "उस दिन आप हमारे लिए आए थे?"

तो बोळक्या तोंडानं हसला. "नहीं बाबा. एक बकरी पीछे रह गई थी."

मला ते पुरेसं वाटलं. सांगणारा बकरीमागे आला असेल, पण माझ्यासारख्या रुसलेल्या माणसाला त्याचं ऐकावंसं वाटलं, ते माझं कर्तृत्व नव्हे. सुमनला का नेलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पूर्वी मी मागायचो, मग मी रुसलो; आता दोन्ही सुटलंय. नात झोपेत माझ्या अंगावर पाय टाकते, तेव्हा मी तो बाजूला करत नाही. तसाच पडून स्वामींचं नाव घेतो.