पाण्यावर बंद पडलेली स्कूटर

मी जात्याच भित्री. विहिरीत डोकवायची भीती, म्हशीच्या शिंगांची भीती, आणि नोकरी लागल्यापासून वरून तपासणीला येणाऱ्या साहेबांची भीती. अशा बाईनं स्कूटर घ्यावी हे आमच्या लोहाऱ्यात कुणालाच पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. पण एसटीची भीती या सगळ्यांपेक्षा मोठी निघाली, म्हणून घेतली.

मी आरोग्य केंद्रात नर्स होते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वाडीवर जाऊन लेकरांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची त्रिगुणी लस टोचायची, हे माझं काम. लस बर्फाच्या डब्यात न्यायची आणि बर्फ वितळायच्या आत टोचून मोकळं व्हायचं. त्या साली दुष्काळ होता. वाडीवरच्या बाया रोजगार हमीच्या कामावर माती वाहायला जायच्या. लेकरू टोचून घ्यायचं तर कामावरून उठून यावं लागे, आणि उठलेल्या बाईकडं मुकादम डोळे वटारून बघे. एका खेपेला मी डबा घेऊन फाट्यावर उभी राहिले आणि एसटी आलीच नाही. बर्फाचं पाणी झालं तशी मी परत फिरले. तिकडं बाया भर उन्हात लेकरं मांडीवर घेऊन बसून होत्या. त्यांचा निरोप आला, "पुढच्या टायमाला बाई आल्या न्हाईत तर आमी परत बसायचो न्हाय." तेवढ्यात शेजारच्या गावात डांग्या खोकला शिरला. या खेपेला मी पोचले नाही, तर ती वाडी लसीला कायमची मुकणार होती. लेकरांचं काय होणार होतं ते मला सांगायला कुणी नको होतं.

आमचे हे सोसायटीत गटसचिव. त्यांनी उमरग्याहून जुनी, लहानशी स्कूटर पाहून आणली आणि शाळेच्या मैदानावर मला शिकवायला घेतलं. शिकवायचं म्हणजे काय, मागून सीट धरून पळायचं आणि "क्लच! अगं क्लच!" म्हणून ओरडायचं. त्यांना स्वतःला धड चालवता येत नव्हती, पण ओरडायला चालवता यावं लागत नाही. बघायला निम्मं गाव. पारावरचे एक आजोबा रोज न चुकता विचारायचे, "सिस्टर, आज गाडी तुमाला घिऊन चालली का तुमी गाडीला?" मी हसून पुन्हा किक मारायची. गिअर बदलताना डोळे मिटायची माझी खोड कितीतरी दिवस गेली नाही.

स्कूटर देताना मेकॅनिकनं बंद पडली तर काय बघायचं ते दाखवलं होतं. आधी पेट्रोल, मग प्लग, मग कार्बोरेटरची वाटी, म्हणजे इंजिनात जायच्या आधी पेट्रोल साठतं ती. हे मी मंत्रासारखं पाठ केलं. झोपेतसुद्धा पुटपुटते म्हणून हे मला चिडवायचे.

वाडीच्या दिवशी सकाळी मी डब्यात बर्फ भरून घेतला, उकळलेल्या सुया घेतल्या, पदर खोचला. पेट्रोल उमरग्याहून कॅनमध्ये आणून घरी ठेवलेलं असे, ऑइल घातलेलं. वाटेत संपायला नको म्हणून तळाशी राहिलेलंही सगळं टाकीत ओतलं. अगदी कॅन उलटा करून, शेवटचा थेंब निथळेपर्यंत. भित्र्या माणसाची काटकसर ती.

गाव सुटलं आणि मोकळ्या माळावर गाडी नीट चालू लागली. दोन्ही बाजूला काळी रानं भेगाळलेली, एखादी बाभळ, बाकी सगळं ओसाड. मला चक्क बरं वाटायला लागलं. तेवढ्यात गाडीनं दोन आचके दिले, फुर्र केलं आणि गप्प झाली.

किक मारली. पुन्हा मारली. लुगड्याचा काठ किकमध्ये अडकला, तो सोडवून पुन्हा मारली. एकदा चालू झाल्यासारखं करून परत बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डब्याला हात लावला, बाहेरून अजून गार होता. पण ऊन असं होतं की तो गारवा किती टिकेल याचा हिशेब करवेना. मला रडूच आलं. रडत रडतच मी सीट उचलून टाकी बघितली, तर पेट्रोल होतं. प्लग काढला, पदराच्या टोकानं पुसला, ठिणगी पडत होती. मग राहिली वाटी. ती काढताना घाईत स्क्रू मातीत पडला आणि मी गुडघ्यावर बसून, माती चिवडत तो शोधत राहिले.

वाटी उन्हात धरली. पेट्रोलच्या तळाशी काहीतरी वेगळं डुगडुगत होतं. मी वाटी कलती केली, तर ते टपोरे मणी होऊन घरंगळले. चूल सांभाळणाऱ्या बाईला हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. कढई नीट न पुसता तेल ओतलं की तळाशी अस्संच दिसतं. पाणी होतं ते.

पेट्रोलमध्ये पाणी कुठून आलं, याचं उत्तर तिथं माळावर बसल्या बसल्या मिळालं. टँकरचा हॉर्न वाजला की आमच्या गल्लीत जे हाताला लागेल ते घेऊन पळायचं असा दंडक होता. घागरी, पातेली, पिंपं, डालड्याचे डबे, कुणी तर पोरांच्या दप्तरातल्या पाण्याच्या बाटल्याही रांगेत लावायचं. मागच्या टँकरला आमच्या सासूबाईंनी रिकामा दिसला म्हणून पेट्रोलचा कॅनसुद्धा भरून आणला होता. मी म्हटलं होतं, "आत्या, ह्याला वास मारतो की." तर म्हणाल्या, "म्हशीला कुठं कळतंय? वाया तर न्हाय गेलं." पाणी म्हशीला गेलं, कॅन जागेवर गेला, आणि आमच्या ह्यांनी त्यातच उमरग्याहून पेट्रोल भरून आणलं. कॅनच्या कानाकोपऱ्यात राहिलेलं पाणी तळाशी बसलं, आणि मी ते निथळून निथळून टाकीत घातलं. सासूबाईंवर रागवावं तर कशासाठी? त्या जागी मी असते तरी कॅन भरलाच असता.

आता टाकीच्या तळचं काढून टाकायला हवं होतं, पण काढायचं कशात? जवळ प्यायच्या पाण्याची एक बाटली होती, भरलेली. ती ओतून द्यायला हात धजेना. त्या वर्षी पाणी सांडलं तर लेकराला मारायचे लोक. मग मी सगळी बाटली एका दमात पिऊन टाकली. पोट टम्म फुगलं. बाटली आतून पदरानं पुसली, उन्हात धरून कोरडी केली, टाकीची नळी काढून बाटलीत पेट्रोल धरलं. तळाशी पाणी बसू दिलं आणि वरचं तेवढं अलगद टाकीत परत ओतलं. पुन्हा तेच केलं, मणी दिसेनासे होईपर्यंत. दर खेपेला डब्याला हात लावून बघत होते. मग वाटी बसवली, किक मारली आणि गाडी धूर ओकत चालू झाली. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले आठवत नाही.

वाडीवर बाया होत्या. उठून चालल्या होत्या, पण होत्या. गाडीचा आवाज ऐकून परत फिरल्या. डबा उघडला तर अर्धा बर्फ शिल्लक. माझे हात मात्र कोपरापर्यंत काळे. अशा हातांनी सुई कशी धरू? मी काही बोलायच्या आत एका म्हातारीनं कामावर न्यायची आपली छोटी कळशी पुढं केली. "धुवा वो. लेकरं महत्त्वाची." हातावरून पडलेलं पाणी तिनं घमेल्यात धरून शेळीसाठी बाजूला ठेवलं.

एकेक लेकरू टोचून झालं. सगळ्यांची रडारड थांबली तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. खोकल्याची उबळ, आणि तिच्या शेवटी ओढून घेतलेला लांब श्वास. बाभळीखाली एक बाई सगळ्यांपासून लांब, लेकराला छातीशी धरून बसली होती. दुसऱ्यांच्या लेकरांना लागू नये म्हणून आपणहून लांब.

"माज्या लेकराला बी सुई द्या बाई," ती म्हणाली. "मागच्या टायमाला मी लई येळ बसले वो. तुमी आलाच न्हाईत."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. लेकराचे ओठ निळसर झाले होते. आता सुईचा उपयोग नव्हता, हे मी तिला सांगितलं. लेकराला उमरग्याच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. एसटी कधी येईल याचा भरवसा नव्हता. आणि मी आजवर मागं कुणालाही बसवलं नव्हतं. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. उमरग्याला जायचं म्हणजे पुढं हायवे, ट्रकांची रांग. मी त्या रस्त्यावर कधी गेले नव्हते आणि जाणार नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"बसा," मी म्हटलं.

हायवेवर ट्रक जवळून जायचा तेव्हा गाडी आडवी हलायची आणि मी दातओठ खाऊन हँडल धरून ठेवायची. पण ट्रकांपेक्षा माझं लक्ष पाठीकडं होतं. लेकराची उबळ माझ्या पाठीला जाणवायची. खोकत होतं तोवर मी चालवत होते. खोकला थांबला की माझा जीव उडायचा, मी गाडी कडेला घ्यायची आणि मागं वळून बघायची. तिच्या मांडीवर ते दमून निपचित पडलेलं असायचं, छाती वर-खाली होत असायची. ती म्हणायची, "हाय वो बाई. हाय. चला." असं किती वेळा झालं कोण जाणे.

दवाखान्यात डॉक्टरांनी लेकरू घेतलं, प्राणवायूची नळी लावली, नर्स धावपळ करू लागल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. बऱ्याच वेळानं लेकराचे ओठ जरा लाल दिसायला लागले. ते वाचलं.

डॉक्टर बाहेर आले तशी ती बाई उठली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "साहेब, माजं लेकरू बरं हाय आता. ह्या बाईला बगा जरा. वाडीपासून लई थरथरा कापायल्यात."