रेखाच्या वाटचं ताट

मंगल वारली, तिच्या तिसऱ्या दिवशी परंड्याला तिच्या भावाकडे गेले, तर अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, "दोनी बहिणी गेल्या माझ्या. आता म्या एकटाच." लोक हळहळत होते. शेजारी बसलेल्या नूरजहाननं माझा हात घट्ट दाबून धरला, नाहीतर मी तिथंच तोंड उघडलं असतं. कारण मधली बहीण, रेखा, जिवंत आहे. कुर्डुवाडीत नातवंडं खेळवते आहे... आणि अण्णांना ते पक्कं ठाऊक आहे.

मंगल, नूर आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. दर उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर तिघी मिळून कुरडया घालायचो. एकदा सोऱ्या हातात तसाच धरून मंगल थांबली, इकडं चीक गार व्हायला लागला, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. रेखानं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा वडिलांनी शेतात तिचा गवताचा पुतळा जाळला आणि गावाला सांगितलं, पोरगी मामाकडं तापानं गेली. लहानग्या मंगलला देवापुढं उभं करून शपथ घातली. तेव्हापासून दर पितृपंधरवड्यात रेखाच्या नावानं ताट वाढून माळवदावर ठेवतात. मंगल गुपचूप वर जायची आणि कावळे यायच्या आत ते ताट स्वतः जेवायची.

"जित्या माणसाचं कावळ्यानं कशाला खावं?" ती म्हणाली. तिला रडू आलं नाही, आम्हालाच आलं.

मग आम्ही रेखाचा नंबर शोधून काढला. बहिणी माझ्या घरी भेटायला लागल्या, चोरून, आपणच काही पाप केल्यासारख्या. मला अण्णांचा संताप येतो, त्यांच्या वडिलांचा येतो. मंगलचाही येतो. चारचौघांत बोल म्हटलं की म्हणायची, माझ्या माघारी तुम्हाला काय बोलायचं ते बोला. म्हणून बोलते आहे. जिवंत लेकीचं श्राद्ध घालणाऱ्या घराला लोक खानदानी म्हणतात, याची मला चीड येते.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे पितर होते. नूर आणि मी रेखाला घेऊन गेलो. ओसरीवर पाहुणे बसले होते. रेखाच्या नावाचं ताट घेऊन अण्णा माळवदाच्या जिन्याकडे निघाले होते, तिला पाहून जागीच थिजले.

"अण्णा, ते ताट इकडं द्या," रेखा म्हणाली. "वर जाऊन खायला आता मंगल न्हाय."

ताट तिनंच त्यांच्या हातातून घेतलं, मांडी घालून बसली आणि सगळ्यांसमोर जेवायला लागली. वाटी रिकामी झाली तशी तिनं मान वर केली.

"वैनी, खीर वाढा जरा."

वहिनींनी अण्णांकडे बघितलं नाही. पातेलं घेऊन आल्या आणि वाढली.