राखणीचं पाणी

"उगड की रं! तुझ्या बापानं उगडला, तू जन्मभर उगडलास, आता काय धाड भरली?"

"आक्का, त्यो दरवाजा आता हातानं उगडत न्हाय."

"मग कशानं उगडतोय? पायानं?"

"बेळगावातनं. आफिसात टायम लावल्याला असतोय, त्या टायमाला आपसुक उगडतोय."

"आणि बेळगाव येतंय व्हय माझ्या भुईमुगाला दारं धराय?"

भरमा उंबऱ्यातच उभा होता. बाळाबाई, त्याची थोरली बहीण, चुलीपुढं बसली होती; पण चूल पेटवलेली नव्हती. नवरा गेल्याचं सुतक कालच फिटलं होतं. उजाडताच ती पहिल्यांदा रानात गेली आणि एक भुईमुगाचा वेल उपटून घेऊन आली. तो तिच्या मांडीवर होता. आऱ्या सुटल्या होत्या, पण मातीच दगड झालेली. आत न शिरता वरच्या वर वाळून गेल्या होत्या. आरी मातीत उतरली नाही तर शेंग कुठनं धरणार?

"खालचा तुकडा अजून जित्ता हाय," ती म्हणाली. "आज पाणी मिळालं तर निम्मं तरी पदरात पडंल. एवढंच मागत्ये. दुसरं काय मागितलंय तुला कवा?"

मागितलं नव्हतं, हे खरंच. भरमा कालव्याच्या शेवटच्या फाट्यावरचा पाटकरी. निपाणीकडच्या या गावात पाटकरी म्हणजे पाण्याचा कारभारी; बापही तोच होता. बापाची हातभर लोखंडी चावी भरमाच्या खांद्यावर आली, ती घालून पिळली की दरवाजा वर व्हायचा. खंडेनवमीला त्रिशला, त्याची बायको, चावीला हळदकुंकू लावायची. कुणाच्या लग्नात भरमा दिसला की पोरं म्हणायची, "पाणी बंद असणार, भरमाण्णा जेवाय आलाय."

मग मशीनवर चालणारे नवे दरवाजे आले आणि फाट्याफाट्यावरची माणसं बेळगावला शिकायला बोलावली. पहिले काही दिवस भरमानं मशीनला बोट लावलं नाही. मोडलं तर? शिकवायला नीलम मॅडम होत्या, बेळगावच्याच, वयानं लहान. "भरमाण्णा, ते चावत नाही हो," असं म्हणत त्यांनीच त्याचं बोट धरून पडद्यावर ठेवलं. तिकडं दूर दरवाजा वर आला आणि पडद्यावर पाणी धावताना दिसलं. भरमा लहान पोरासारखा हसला. त्या हसण्याचा फोटो कुणीतरी काढला. त्रिशलानं तो गल्लीभर दाखवला.

शेवटच्या दिवशी मॅडमनी विचारलं, "तुमच्या फाट्यावर काही रीत आहे का? कुणाची पाण्याची पाळी मागंपुढं करावी लागते? असेल तर आत्ताच सांगा, मशीनला तसं शिकवून ठेवू."

खानापूरकडचा मष्णू उठला. म्हणाला, "आमच्यात दरवाजाला नारळ फोडल्याबिगर पाणी सोडत न्हाईत. मशीन नारळ फोडंल काय?" सगळा हॉल हसला. मष्णूही हसला.

भरमाच्या ओठावर सुतकाची रीत आली होती. त्यांच्या फाट्यावर कुणाच्या घरात माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत ते घर रानात पाऊल ठेवत नसे. त्यांची पाळी आली की पाटकरी दरवाजा लावून ठेवी आणि ते पाणी राखी. सुतक फिटलं की पहिलं पाणी त्या घराला. बाकीचे आपापल्या पाळीतलं थोडं थोडं सोडत. राखणीचं पाणी म्हणत त्याला. त्यासाठी कुणी कुणाच्या दारात जात नसे.

पण हॉल अजून हसत होता. आणि भरमाला त्या दिवशी गावंढळ दिसायचं नव्हतं.

"आमच्याकडं तसलं काय न्हाय मॅडम," तो म्हणाला. "सगळं टायमावर."

पुढं दाजी गेले. भरमा बहिणीच्या सोप्यात मंडळींत बसला होता तेव्हा खिशातला फोन थरथरला. दरवाजा उघडल्याचा निरोप. त्यानं पाहिला आणि फोन परत खिशात टाकला. चावी खांद्यावर असती तर पाणी राखायचं आठवलं असतं. पाळी बाळाबाईची होती; तिकडं पाणी तिच्या रानाच्या तोंडाशी आलं. दारं धरून वाफ्यात वळवायला कुणी नव्हतं, ते वळसा घालून ओढ्यात गेलं. वेळ भरल्यावर दरवाजा आपसुक बसला. शेजारच्या रानातल्या कुंथुनाथनं पाणी जाताना बघितलं होतं. "मला वाटलं जास्तीचं सोडलंय," तो नंतर म्हणाला. "सख्ख्या बहिणीचं पाणी, भरमानं राखलंच असंल की."

मशीनवर मात्र बाळाबाईच्या नावापुढं हिरवी खूण. पाणी दिलं.

इथं यायच्या आधी भरमानं नीलम मॅडमना फोन लावला होता.

"कालवा कालच बंद झाला, भरमाण्णा. धरणात आता पिण्यापुरतंच आहे. माझ्या हातात असतं तर... पण मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आक्का," भरमा उंबऱ्यातून म्हणाला, "कालवाच बंद झालाय. पाणी न्हाय. कुणालाच न्हाय आता."

बाळाबाईनं मांडीवरचा वेल उचलून चुलीपुढं ठेवला. मग तिचा आवाज खाली आला.

"मशिनीचं सोड. कोण मेलं, कोण ऱ्हायलं, तिला काय कळतंय? तुझ्या दाजीचं तोंड तरी बघितलंय का तिनं? पण तिला शिकवाय तू गेलतास न्हवं?"

"आम्ही शिकाय गेलतो आक्का. शिकवाय न्हाय."

"एवढं दिवस ऱ्हायलास थितं. तुमच्यात कसं चालतंय, म्हणून कुणीच इचारलं न्हाय तुला?"

भरमा पायानं चपला चाचपू लागला.

"इचारलं व्हय रं?"

त्यानं वाकून पायात चपला सरकवल्या. अंगठा वादीत जाईना, तसाच टाच घासत तो अंगण ओलांडून रस्त्याला लागला. मागनं तिनं तेच पुन्हा विचारलं, या खेपेला नाव घेऊन. तो थांबला नाही.